पायपुसणं भिंतीवरून उतरवताना

तुमच्या कपाटात हाताने विणलेलं असं काही आहे का, जे तुम्ही डांबरगोळ्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंय, अंगात कधीच घालत नाही, आणि चारचौघांत मात्र 'आम्ही जपलंय हो' म्हणून सांगता?

अक्का, हा प्रश्न तुझा आहे. तू तो भेटेल त्याला विचारायचीस, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत भटजींना. मी फक्त त्याचं पत्रक करते आहे. पत्रकं काढणं हा आमच्या घरचा धंदा आणि त्यांना हसणं हा तुझा. अप्पा, म्हणजे माझे वडील आणि तुझा धाकटा भाऊ, बेंगळुरूत राजाजीनगरच्या कारखान्यांच्या फाटकांवर वाटायला कामगारांच्या मागण्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे छापून आणायचे. उरलेली पत्रकं तू बसवनगुडीच्या तुझ्या घरी मागवून घ्यायचीस, एकेक घडी घालून त्यावर लोकरीचा गुंडा गुंडाळायचीस आणि त्यांना म्हणायचीस, "तुमच्या मागण्यांवर माझे गुंडे छान बसतात रे. मालकानं कधी एवढं जवळ घेतलं होतं का त्यांना?" मी वाचायला शिकले ती तुझे संपलेले गुंडे उलगडून. लोकर संपली की आत एक मागणी सापडायची.

तू गेलीस आणि तेरावा झाल्यावर लगेचच्या शनिवारी एचएसआर लेआउटमधल्या, विणकाम आणि रंगकाम शिकवणाऱ्या केतकीच्या स्टुडिओत तुझी सभा झाली. शोकसभा म्हणायचं नाही, असं आधीच कळवलं होतं. शोक म्हटलं की वातावरण जड होतं. तेव्हा ते होतं 'आयुष्याचं सेलिब्रेशन'. मातीच्या कपातून काळी कॉफी, कोपऱ्यात मंद बासरी, आणि जमलेली माणसं लोकरीकडे अशा नजरेनं बघत होती, ज्या नजरेनं कधी कोणी तुझ्याकडे बघितलं नव्हतं.

मी त्यांची थट्टा करते आहे असं कोणाला वाटेल. नाही. थट्टा करायला थोडं प्रेम लागतं.

एक मुलगी बोलायला उभी राहिली. तुझ्याकडे तीनेक शनिवार शिकली असेल. म्हणाली, "अक्का प्रत्येक टाक्यात माया विणायच्या." मला तुझा आवाज इतका स्पष्ट ऐकू आला की मी मागे वळून बघितलं. हेच वाक्य कोणीतरी तुझ्या तोंडावर म्हटलं होतं तेव्हा तू चष्म्यावरून बघत म्हणाली होतीस, "माया विणली असती तर काखेत ताणली असती गं. मी टाके मोजते." गणिताची बाई तू. आयुष्यभर शाळेतल्या मुलांना आणि निवृत्त झाल्यावर लोकरीला शिस्त लावलीस. दोघांपैकी कोणावरही माया केल्याचा तुझ्यावर आरोप नव्हता.

मग दुसरा उठला. त्याला तुझे रंग 'निसर्गाशी संवाद' वाटत होते. स्टुडिओतल्या तुझ्या लड्यांवर चिठ्ठ्याही तशाच होत्या, नैसर्गिक रंग, संथ कला वगैरे. तुझा निसर्ग चिक्कपेठेतल्या एका बोळात पुड्यांत मिळायचा. पातेल्यात गरम पाणी, पुडी, वर व्हिनेगर, आणि न ढवळता थंड होऊ द्यायचं. हे तू कधी लपवलं नाहीस. केतकीला तू माझ्यासमोर सांगितलं होतंस, "अगं, हा पुडीचा लाल आहे, झाडाचा नाही." ती पुण्याची, गोड बोलणारी. ती म्हणाली, "हो अक्का, पण फील नॅचरल आहे ना." या एका वाक्यावर तिचा सगळा धंदा उभा आहे.

तू तिथे जायचीसच का, यावर आपलं भांडण झालं होतं आणि ते मिटलं नाही. मी म्हटलं होतं, या लोकांना तुझं काम नकोय, तुझे पांढरे केस हवेत फोटोत. तू म्हणालीस, "आपली बोअर आटली. तिथे टँकर येतो. रंगाला पाणी लागतं, पत्रकबाई, तत्त्व नाही." मी म्हटलं, टँकर कोणाच्या विहिरीतून उपसून येतो ते विचार एकदा. तू म्हणालीस, "विचारलं. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, अज्जी, स्वल्प बाजूला व्हा, पाइप सोडायचाय." आणि तू बाजूला झालीस आणि लड्या खळखळून धुतल्यास. हा मला टोमणा होता की तुझी हार, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. विचारायचं राहून गेलं.

दुसरं भांडण जुनं होतं. मी म्हणायचे, विणलेल्या प्रत्येक गोष्टीवर तुझं नाव शिव. आमच्या घरात काम करणाऱ्याचं नाव कामावर असलं पाहिजे असं शिकवतात. नाव नसलेलं काम चोरायला सोपं. तू म्हणायचीस, "नाव कशाला? उसवायचंय ते."

उसवणं. अक्का, त्या सभेत तुझ्याबद्दल इतकं बोललं गेलं, पण हा शब्द एकाच्याही तोंडून आला नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आता तू सांगायला नाहीस. आमच्या घरात माणूस गेलं की त्याचे कपडे दान होतात, भांडी वाटली जातात, पण विणलेलं अक्का परत घ्यायची. स्वेटर, शाल, कानटोपी, सगळं. ते उसवायची, लोकरीच्या लड्या करायची, धुवायची, त्यावर नवा रंग चढवायची आणि ज्याला थंडी वाजते त्याच्यासाठी पुन्हा विणायची. आजोबांचा स्वेटर मोहरीच्या रंगाचा होता. ते गेल्यावर त्यावर लाल चढला आणि काकांचा, म्हणजे तुझ्या नवऱ्याचा, विटकरी स्वेटर झाला. काका गेल्यावर त्यावर निळा चढला आणि तुझा स्वतःचा वांगी रंगाचा झाला. रंगावर रंग चढतो, उतरत नाही. प्रत्येक मरणाबरोबर लोकर एक पायरी गडद होते. मी लहानपणी विचारलं होतं, "आणि काळ्यानंतर?" तू म्हणालीस, "काळ्यानंतर पायपुसणं."

खोटं नव्हतं ते. लोकर जून झाली, सुईवर तुटायला लागली, की तू ती व्हरांड्यातल्या छोट्या मागावर घ्यायचीस. सुती दोऱ्याचा ताणा आणि त्यात आडवी ही मेलेली लोकर. आजीची शाल, माझा शाळेचा स्वेटर, कोणाकोणाचे पायमोजे. त्याचं जाड, काळपट पायपुसणं व्हायचं आणि न्हाणीघराच्या दारात पडायचं. त्यावर आम्ही सगळे ओले पाय पुसत मोठे झालो. आजीला पाय लावला म्हणून कोणाला पाप लागलं नाही. "ती जिवंत असताना कुठे उभी असायची? न्हाणीघराच्या दारातच ना, तुमचे टॉवेल घेऊन? मग झालं," असं तू म्हणायचीस.

ते पायपुसणं केतकीनं काचेच्या चौकटीत भिंतीवर टांगलं होतं.

वर छोटा दिवा सोडलेला. खाली कार्ड, 'शीर्षकहीन'. लोक त्यापुढे मान तिरकी करून उभे होते. एक गृहस्थ म्हणाले, "यात बेंगळुरूची माती दिसते." ते खरं होतं. माझ्या सतीशदादाच्या पायाची असावी. तो, तुझा मुलगा, तिथेच हात बांधून उभा होता. त्यानंच घर उघडून दिलं होतं, 'आईचं जे चांगलं वाटेल ते निवडून न्या' म्हणून.

मी केतकीला म्हटलं, "हे न्हाणीघरापुढचं आहे. पाय पुसायचं."

"ओ गॉड," ती म्हणाली आणि तिचे डोळे खरंच भरले. "सो रॉ. हे आपण कार्डवर ॲड करू या?"

अशा माणसांशी भांडता येत नाही, अक्का. तू थप्पड मारलीस तर ते तीही चौकटीत लावतील.

त्याच भिंतीवर मधोमध तुझा वांगी स्वेटर होता, हँगरवर, पुढे दोरी बांधलेली. "टच नका करू हं प्लीज, हातावर ऑइल्स असतात," असं ती प्रत्येकाला सांगत होती. पुढच्या आठवड्यात तो हवाबंद पेटीत सील होणार होता, कायमचा. आणि केतकी पाहुण्यांना समजावून देत होती की या गडद रंगात मधेच विटकरी ठिपके आहेत ना, ती अक्कांची सिग्नेचर. हे तंत्र स्टुडिओत शिकवलं जातं. पुढची बॅच महिन्याच्या सुरुवातीला.

तंत्र. अक्का, तू लडी रंगात टाकण्याआधी ती गुंतू नये म्हणून चार ठिकाणी दोऱ्यानं बांधायचीस. सगळे रंगारी बांधतात, पण सैल, म्हणजे आत रंग शिरतो. तुझी गाठ कायम घट्ट बसायची. हाताचीच सवय. तुझ्या वेण्या, तुझे डबे, तुझं बोलणं, सगळंच घट्ट. मग गाठीखाली नवा रंग पोचायचाच नाही आणि तिथे जुना तसाच राहायचा. विणल्यावर त्याचे ठिपके दिसायचे. तू दरवेळी चरफडायचीस, "अय्यो, परत घट्ट बांधलं बघ." ती चूक होती. बाकी रंगाऱ्यांच्या पहिल्या धड्यातली चूक, जी तू म्हातारपणापर्यंत केलीस. आता ती शुल्क घेऊन शिकवतात.

मला तू सांगून ठेवलं होतंस, आणि गंमत म्हणून नाही. गेल्या हिवाळ्यात, गवी गंगाधरेश्वराच्या देवळाच्या बाजूनं घरी येताना, हातात भाजीची पिशवी. "माझा वांगी उसवायचा. अप्पाला विण. पहाटे फाटकावर उभा राहतो आणि खोकतो मूर्ख." मी म्हटलं, आत्तापासून काय. तू म्हणालीस, "साकु, पुरे गं. सांगितलं ते ऐक. आणि तुझ्या त्या दादाला आधी विचारू नकोस, तो रडेल."

सभा संपल्यावर मी दादाला खाली पार्किंगमध्ये गाठलं. सांगितलं.

"माहितीये मला," तो म्हणाला. "आईनं मलाही सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय. तू पत्रक काढ."

"दादा, ती बाई तो पेटीत सील करणार आहे. अक्काला आवडलं असतं?"

तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "त्याला अजून वास येतो तिचा. व्हिनेगर आणि विक्सचा. तू उसवशील, धुशील, रंगवशील. मग ती कुठे राहील, सांग ना. तुमच्याकडे सगळ्याला उत्तर असतं."

माझा तिरस्कार वरच्या मजल्यावरच्या लोकांसाठी तयार होता, त्याच्यासाठी नव्हता. चौकट त्यालाही हवी होती, पण त्याला ती तू जाऊ नयेस म्हणून हवी होती. वरच्यांना ती तू गेलीस म्हणूनच हवी होती. हा फरक माझ्या एकाही पत्रकात बसत नाही.

मी एवढंच म्हटलं, "मला उत्तर ठाऊक नाही. पण अप्पा खोकतायत."

रविवारी सकाळी तो बसवनगुडीला आला. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हाताखाली ते पायपुसणं, चौकटीतून काढलेलं. केतकीचा निरोप त्यानं मला फोनवर दाखवला. तिला त्याच्या निर्णयाचा आदर होता, पण हा कम्युनिटीसाठी लॉस होता. कोणती कम्युनिटी, ते लिहिलं नव्हतं. अप्पांचा खोकला तिच्यात धरला नसावा.

पायपुसणं मी न्हाणीघराच्या दारात टाकलं. दादा पुढे येऊन थांबला. त्याच्या पायांना ते ओलांडून जायचं होतं, काल दिव्याखाली बघितलेलं. मी न्हाणीघरात गेले, पाय ओले केले आणि त्यावर घासून घासून पुसले. मग तो आला. त्यानं चपला काढल्या, उगाचच पाय धुतले आणि पुसले.

"खरखरीत आहे," तो म्हणाला.

"पहिल्यापासून आहे."

मग आम्ही व्हरांड्यात बसलो. त्यानं पिशवीतून वांगी काढला, खालची कड शोधली आणि धागा ओढायला लागला. काही होईना. त्यानं जोर लावला, तशी कड चोळामोळा होऊन घट्ट झाली. तुझा मुलगा, अक्का, आयुष्यभर तुझे स्वेटर घालून मोठा झालेला, आणि विणलेलं सुरुवातीच्या बाजूनं उसवत नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्वेटर त्याच्या हातातून घेतला, शिवणी सोडवल्या, गळ्याशी आले. तू जिथे संपवलं होतंस तो टाका शोधला, आतून वळवून दडवलेला. सुईच्या टोकानं वर काढला आणि दादाच्या चिमटीत दिला.

"ओढ."

त्यानं ओढलं आणि ओळ सुटली. मग दुसरी. तो आवाज तुला ठाऊक आहे, बारीक, तुटक, धावता. मी खुर्ची उलटी केली आणि तिच्या पायांभोवती लडी करत गेले. लोकर वाफवलेल्या शेवयांसारखी वळणं घेऊन येत होती. तो ओढत होता, मी गुंडाळत होते, रस्त्यावरून फुलांची गाडी हाक देत गेली, शेजारच्या सावित्रक्कांनी गेटातून विचारलं, "काय चाललंय?" दादा म्हणाला, "आईचं काम." त्या म्हणाल्या, "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, आणि गेल्या. त्यांनी काही सुंदर बोलायचा प्रयत्न केला नाही, म्हणून मला त्या एकदम आवडल्या.

मग दादा थांबला. त्याच्या चिमटीत वांगी धाग्यात बोटाच्या पेराएवढा एक विटकरी तुकडा आला होता. वर दिवा नव्हता, कार्ड नव्हतं, त्यामुळे तो नीट दिसत होता.

"हा बाबांचा," तो म्हणाला.

"हो. गाठ घट्ट बसली होती अक्काची."

"म्हणजे हे बाबांचंच."

"रंग पोचला नाही तिथे. एवढंच."

त्यानं तो तुकडा अंगठ्यानं चोळून बघितला. मग सोडला आणि ओढायला लागला, आता हळू नाही, सरळ, तू ओढायचीस तसा. पुढचा विटकरी आला की नुसती मान हलवायचा, रस्त्यात ओळखीचं माणूस दिसावं तशी. पार्किंगमध्ये त्यानं जो प्रश्न मला विचारला होता, तो त्यानं मला पुन्हा विचारला नाही.

रंगाची पुडी मी आणून ठेवली होती. काळीच. वांग्यावर दुसरा उरतोच कोणता. पातेलं चढवलं, लड्या धुतल्या. वास गेला, अक्का. व्हिनेगरचा राहिला, तो पातेल्यातलाच. बांधायला मी दोरा घेतला, तर दादा म्हणाला, "दे. मी बांधतो." मी म्हटलं, सैल बांध, आत रंग शिरला पाहिजे. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. चार गाठी मारल्या, दातात दोरा धरून, अशा करकचून की मला कात्रीशिवाय त्या सुटल्या नसत्या.

मी लड्या तशाच रंगात सोडल्या.

तू हे ऐकून म्हणाली असतीस, 'अय्यो, हाही तसलाच.' मीही तुला सांगायचं बरंच ठेवून दिलं होतं. नावाच्या भांडणात मी चूक नव्हते. तू नाव शिवलं असतंस तर त्या चिठ्ठ्या इतक्या सहज लागल्या नसत्या. आणि तूही चूक नव्हतीस, कारण नाव शिवलेलं उसवायला कोणी धजलं नसतं. हे भांडण मी तुझ्याशिवाय पुढे चालवणार आहे. समोर कोणी नाही म्हणून जिंकणार नाही.

अप्पांचा स्वेटर काळा होतोय. त्यात चार चार बोटांवर वांगी ठिपके येतील. फाटकावर कोणी विचारलं तर ते सांगतील, बहिणीचे आहेत. त्यांना पत्रकाबाहेरचं बोलता येत नाही, पण एवढं येईल.

आता हे वाचणाऱ्यांना. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अक्काच्या हातचं काहीतरी आहे, आणि उरलेल्यांच्या घरी दुसऱ्या कोणाच्या तरी अक्काचं. स्टुडिओतून फोन येईल, फार गोड बोलतात. देऊ नका. आज कपाट उघडा, ते पिशवीतून काढा, डांबरगोळ्या फेकून द्या. अंगात बसत असेल तर उद्या पहाटे घालून बाहेर पडा. बसत नसेल, तर घरात कोणाला थंडी वाजते ते बघा आणि उसवायला घ्या. खालून ओढू नका, गळ्याशी शेवटचा टाका शोधा. आणि रंगात टाकण्याआधी लडी बांधाल, तेव्हा एक तरी गाठ घट्ट बांधा.